बाबांची उघाडी, माझं कुलूप

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आज तारीख काय?"

बाबा म्हणाले, "सप्तमी."

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. मग वार विचारला, साल विचारलं, पंतप्रधान कोण ते विचारलं. बाबांनी वार चुकवला, साल सांगितलंच नाही आणि पंतप्रधानांबद्दल म्हणाले, "कोन पन असू दे, आमाला काय देनार हाय?" मला हसू आलं. डॉक्टरांना नाही. फुली, फुली, फुली. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते पाच मिनिटांत गेले. घड्याळ काढायला सांगितलं तर बाबांनी एक गोल काढला आणि पेन खाली ठेवलं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. बाबा शेजारीच बसले होते, पण वळले माझ्याकडे. म्हणाले, "डिमेन्शिया आहे. वाढत जाणार. औषध असं काही नाही."

डिमेन्शिया म्हणजे वेड नव्हे. मेंदू हळूहळू खराब होत जातो, आधी आठवण जाते, मग हिशोब, वाटा, नावं, शेवटी रोजची कामंही. हे मला त्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी नंतर विचारून घेतलं. त्या दिवशी बाहेर पन्नास माणसं नंबर लावून बसली होती.

मी चोवीस वर्षांची आहे. तळवलीत राहते. आमच्या गावच्या प्रकल्पग्रस्त समितीची पत्रकं मी लिहिते, छपाईची स्टेन्सिल मीच कापते, वाटायलाही मीच जाते. पत्रकाची एक शिस्त असते. समोरच्यानं खोटं किंवा चुकीचं काही म्हटलं की तिथल्या तिथे खोडून काढायचं, चालू द्यायचं नाही. ती शिस्त मी घरी बाबांवर चालवली. त्याबद्दल पुढे लिहिते, लपवणार नाही.

आधी सुरुवात कशी झाली ते सांगते. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या केमिकल कंपनीत हेल्पर होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. डॉक्टरांकडे जायच्या वर्षभर आधीपासून ते मला आत्याच्या नावानं हाक मारायला लागले होते. चपला फ्रीजवर ठेवायचे. रोज सकाळी चहा पिताना आईला एकच विचारायचे, "आज कंची तिथ?" आई तांदूळ निवडता निवडता सांगायची. आईला तिथी पाठ असते, कॅलेंडर लागत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. आई पुन्हा सांगायची. मी चिडायची.

मग घरातून निघून जाणं सुरू झालं. बसल्या जागेवरून एकदम उठायचे, टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि दाराकडे. अडवलं की म्हणायचे, "मना जाव दे गो. कामाला जाचं हाय."

आम्ही म्हणायचो, बाबा, कंपनी सुटली, तू रिटायर झालास. मी तर कंपनीचं पत्र काढून दाखवायची. ते पत्राकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा दाराकडे. डोळा चुकवून निघाले की आम्ही धावत ठाणे-बेलापूर रस्त्याकडे, कंपनीच्या गेटवर. तिथे कधीच नसायचे. सापडायचे नेहमी उलट्या बाजूला, नव्या सेक्टरमधल्या एका सोसायटीच्या कंपाउंडपाशी. भिंतीला दोन्ही तळवे लावून उभे. एकदा वॉचमननं दंडाला धरून आणून सोडलं. म्हणाला, "किसके घर जाना है पूछा तो बोलता नहीं." ती सोसायटी उभी आहे ती आमच्या भातशेतीवर. मी वॉचमनला तेवढं ऐकवलं. त्याची काय चूक, पण ऐकवलं.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, साधारण किती वाजता निघतात? मी म्हटलं, हल्ली संध्याकाळी पाचच्या सुमारास. ते म्हणाले, "संडाउनिंग." म्हणजे दिवस कलायला लागला की अशा पेशंटचा गोंधळ वाढतो. असा प्रकार असतो, पुस्तकात आहे, हे मला आता माहीत आहे. त्यांनी हॅलोपेरिडॉल नावाची, शांत ठेवणारी गोळी दिली, दुपारी चारला. आणि म्हणाले, दाराला कुलूप लावत जा.

कुलूप मी विकत आणलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला विचारावं लागणार नाही.

सीटी स्कॅन झाला. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप काढल्यासारखे फोटो. बाबा मशीनमध्ये जायला तयार होईनात, तर आई त्यांचा अंगठा धरून बसली, पायाचा, कारण चादरीबाहेर तेवढाच होता. रिपोर्टात आलं की मेंदूत बारीक बारीक झटके येऊन गेलेत, ठिकठिकाणी रक्त पोचलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यावर आता काही करता येण्यासारखं नाही.

गोळी सुरू होऊन आठवडा झाला आणि बाबा सकाळी अकरालाच दार ठोठावायला लागले. आतून. संध्याकाळी मात्र गप्प. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे. त्यांनी सकाळचीही गोळी लावली. पुढच्या आठवड्यात दुपारी. मग दुपारचीही. आता बाबा उठायचे, पण चालताना पाय घासायचे. हात लाकडासारखे झाले. तोंडातून लाळ यायची आणि ती पुसायचंही त्यांना सुचायचं नाही. तरी दाराशी जायचेच. एकदा कुलपाला धरून उठता उठता पडले आणि उंबऱ्यावर कपाळ फुटलं.

डॉक्टर म्हणाले, घरी सांभाळणं जमत नसेल तर मनोरुग्णालयाच्या वॉर्डात ठेवा, मी चिठ्ठी देतो. दिली. ती चिठ्ठी माझ्या पिशवीत पत्रकांच्या गठ्ठ्याखाली अकरा दिवस पडून होती. मामा म्हणत होते, भरती करा. शेजारी म्हणत होते, तुझ्या आईकडे बघ, ती आधी जाईल. आई बाबांची लाळ पुसत होती. बाबा घरात राहणार की वॉर्डात जाणार, हे माझ्यावर येऊन ठेपलं होतं, कारण घरात लिहिता-वाचता येणारी मी.

कपाळाचे टाके काढायला महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. टाके काढणाऱ्या तरुण डॉक्टरनं बाबांचा कोपर वाकवून बघितला आणि विचारलं, "हे किती दिवस असं आहे?" मग एका कागदावर खाडीपुलापलीकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी लिहून दिली. गुरुवारी, म्हाताऱ्या माणसांसाठी. ओपीडी म्हणजे दाखल न होता तपासून घेण्याचा विभाग. मी म्हटलं, वॉर्डात चिठ्ठी देण्याआधी एक गुरुवार जाऊन बघू.

तिथे साडेतीन तास बाकावर बसलो. आत पन्नाशीच्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे आणली आणि बाबांच्या शेजारी ठेवली. माझ्याकडे बघितलंच नाही. बाबांना नाव विचारलं. बाबा गप्प. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "यांना आधी कानाच्या विभागात ने. मग बोलू."

तासाभरानं बाबा परत आले ते कानातून मळाचा एक खडा काढून. बाईंनी पुन्हा नाव विचारलं. बाबांनी सांगितलं.

मग बाईंनी ब्लडप्रेशर घेतलं, ते फार वर होतं. गोळ्या चालू आहेत का? मी म्हटलं, कंपनीत असताना होत्या, मग त्रास नव्हता म्हणून बंद केल्या. जेवणात काय? भात, सुकट, बोंबील, जवळा. म्हणजे मीठ. शौचाला कधी? आई म्हणाली, चार दिवस झाले. झोप? मी म्हटलं, दिवसभर गोळीनं झोपतात. बाई लिहीत होत्या. म्हणाल्या, "मेंदू काय हवेत लटकत नाही. त्याला रक्त लागतं, झोप लागते, पोट साफ लागतं, कान लागतात. आणि काम लागतं." मग बाबांच्या कानाशी वाकून विचारलं, "काय काम करायचात तुम्ही?"

मी म्हटलं, "कंपनीत हेल्पर."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही विचारलं."

बाबा म्हणाले, "उघाडी."

बाईंना कळलं नाही. मी सांगितलं. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. बांधात एक दगडी तोंड ठेवलेलं असतं, त्याला लाकडी फळ्या. ती उघाडी. भरती चढायच्या आत फळ्या घट्ट बसवायच्या, नाहीतर खारं पाणी शेतात घुसून पीक जळतं. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. आमच्या गावची उघाडी बाबांकडे होती. मी म्हटलं, पण ते फार जुनं. शहरासाठी जमीन गेली, शेत भरून काढलं, मग कंपनी लागली. आता ना शेत ना उघाडी, मी त्यांना सांगते.

"रोज सांगता?"

"रोज. खोटं कशाला बोलायचं?"

बाई म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. पण त्यांना कालचं आठवत नाही. म्हणजे तुम्ही सांगता तेव्हा जमीन त्यांच्या दृष्टीनं आजच जाते. रोज जाते."

मी जमिनीवर चाळीस तरी पत्रकं लिहिली असतील. 'भूमिपुत्र' हा शब्द प्रत्येकात आहे. आणि ज्याची जमीन गेली त्याच्या तोंडावर मी रोज भूसंपादनाची नोटीस वाचत होते. 

बाईंनी शांत ठेवणारी गोळी हळूहळू कमी करत न्यायला सांगितली, एकदम बंद करू नका म्हणाल्या. ब्लडप्रेशरची चालू केली. सुकी मासळी आठवड्यातून एकदा, ताजी चालेल. आई घरी खोबरेल गरम करून त्यांचे हातपाय चोळायची, ते मी बिचकत सांगितलं, डॉक्टर लोकांना असलं आवडत नाही. बाई म्हणाल्या, चोळा की, आखडलेल्या अंगाला बरं वाटेल. आणि एक वही घालायला सांगितली. कधी उठतात, त्याआधी काय झालं, त्यानंतर काय झालं. अडवू नका, मागे चाला, लिहा. वॉर्डाची चिठ्ठी मी दाखवली. त्यांनी वाचली, घडी घालून परत दिली. "दोन आठवडे थांबा. फाडू नका, वापरूही नका."

वही मी चोख घातली. पुरावा गोळा करायची मला सवय आहे. पहिला दिवस अकरा वाजता. दुसरा पावणेबारा. मग बारा चाळीस. मग दीडच्या आत. मग सव्वादोन. मी रोज मागे चालायची. ते भिंतीपर्यंत जायचे, तळवे लावून उभे राहायचे, मी हात धरून परत आणायची. वेळ रोज पुढे सरकत होती. मी समासात लिहिलं, 'गोळी कमी केल्याचा परिणाम.' लिहून मला बरंही वाटलं होतं, शोध लावल्यासारखं.

नवव्या दिवशी सकाळी मी वही आईला वाचून दाखवत होते. आई निवट्या साफ करत होती. खाडीच्या चिखलातली ही बारकी मासळी बुळबुळीत, हातात राखेनं धरावी लागते. मी वाचलं, शुक्रवार अकरा, शनिवार पावणेबारा. आई म्हणाली, "वार नको. तिथ सांग." मी म्हटलं, तिथी मी लिहिली नाही. तिनंच बोटांवर मोजलं. अमावास्येला अकरा. प्रतिपदेला पावणेबारा. द्वितीया, तृतीया. सप्तमीला चार चाळीस.

आईचे हात थांबले.

"गो बाय, ह्यो भरतीचा टायम हाय. भरतीच्या आदी तासभर. तवाच जायाचा तो फळ्या बघाया."

अमावास्या-पौर्णिमेला आमच्या खाडीत दुपारी बाराच्या पुढे पूर्ण भरती. मग रोज पाऊण तास पुढे. हे खाडीकाठच्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. मलाही लहानपणी माहीत होतं. आमच्या डोळ्यांसमोर एक माणूस पाण्याच्या वेळेनं उठत होता, आणि आम्ही त्याला घड्याळाच्या वेळेनं गोळ्या देत होतो. पहिल्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा सप्तमी होती, म्हणून ते संध्याकाळी उठत होते. आठवड्यानं तिथी सरकली, संध्याकाळची भरती रात्रीवर गेली, पहाटेची दुसरी भरती बारावर आली, तेही सकाळी अकराला उठायला लागले. आम्ही म्हटलं आजार वाढला. रोज सकाळी ते आईला तिथी विचारत होते ते कशासाठी, हे आता तुम्हालाही कळलं असेल. डॉक्टरांनी ते कागदावर 'तोच तोच प्रश्न' म्हणून लिहिलं होतं.

आईला मी म्हटलं, "तुला इतके दिवस कसं कळलं नाही?"

"मना कोनी इचारलं?"

गावातले बाळारामकाका अजून खाडीत जाळं टाकतात. ते म्हणाले, उघाडीचे दगड आहेत अजून, फळ्या नाहीत, पण जायला वाट आहे. सोसायटीच्या भिंतीला वळसा घालून नाल्याच्या कडेनं. त्या दिवशी अष्टमी. साडेपाचच्या सुमारास बाबा उठले, टॉवेल टाकला. मी दार उघडलं आणि म्हटलं, "चल बाबा, उशीर होईल."

ते थबकले. इतक्या महिन्यांत त्यांना कोणी असं म्हटलं नव्हतं.

नाल्याकडे वळेपर्यंत मी त्यांचा हात धरला होता. तिथून त्यांनी माझा धरला. चिखल कुठे पाऊल पेलतो आणि कुठे नाही ते त्यांच्या पायांना माहीत होतं, पाय घासत असले तरी. बांधाचा तुकडा आला, खारफुटीत दोन काळे दगड समोरासमोर. बाबा खाली बसले. दगडातल्या खाचेत, जिथे फळी बसायची तिथे, बोट घालून वरपासून खालपर्यंत फिरवलं. खाचेतला चिखल काढला. मग पाण्याकडे बघत बसले. पाणी चढलं, थांबलं आणि एक काडी तरंगत होती ती खाडीकडे जायला लागली, म्हणजे ओहोटी.

"चल," म्हणाले. "आता काय नाय व्हत."

घरी येऊन पाय धुतले, जेवायला मागितलं, जेवले आणि झोपले. चारच्या गोळीशिवाय, बरं का, ती तोवर कमी करत आणून बंद केली होती. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, तिला वाटलं मला दिसत नाही.

पुढच्या गुरुवारी ओपीडीत मी वही टेबलावर ठेवली, आणि शेजारी तिथींचा कागद. बाईंनी दोन्ही नीट वाचलं. दहा-सव्वादहाला बाबा खुर्चीवरून उठायला लागले. आई म्हणाली, "आज बालाराम बघतोय." ते बसले. बाईंनी विचारलं, "बाबा, आज तारीख काय?"

"चतुर्दशी."

बाईंनी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. बाईंनी केसपेपरवर लिहिलं, 'चतुर्दशी, बरोबर.' तो कागद मी जपून ठेवलाय. वॉर्डाची चिठ्ठी तिथेच त्यांच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकली.

आता आठ महिने झाले. बाबा बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत, आणि असं बरं करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारात उभं करू नका. माझं नाव त्यांना आता बहुतेक येत नाही. पण लाळ थांबली, हात मोकळे झाले, ब्लडप्रेशर ताब्यात आहे. झटके येणं थांबवता येतं, आलेले पुसता येत नाहीत, असं बाई म्हणतात. दिवसाच्या भरतीला बाळारामकाका, आई किंवा मी, कोणीतरी बरोबर जातो. त्यांच्या वेळेप्रमाणे आमचं जेवण सरकतं, समितीच्या मीटिंगासुद्धा मी तिथी बघून लावते. अध्यक्ष कुरकुरले. त्यांना म्हटलं, भूमिपुत्रांसाठी मीटिंग आहे ना, मग भूमिपुत्र घरी येईपर्यंत थांबा. कुलूप माझ्या सायकलला आहे.

तुमच्या घरात असं माणूस असेल तर तुमचं माणूस खाडीवर जाणार नाही. ते गिरणीच्या भोंग्याला उठत असेल, बाजारात गाडी लागायच्या वेळेला, पोरांची शाळा सुटायच्या वेळेला. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसेल, पण घरात कोणाला तरी असेल, आणि त्या माणसाला कोणी विचारलं नसेल. आधी कान तपासा, ब्लडप्रेशर तपासा, पोट विचारा. डॉक्टर पेशंटशी न बोलता तुमच्याशी बोलत असेल तर त्याला सांगा, खुर्ची फिरवा. ऐकत नसेल तर डॉक्टर बदला. आणि वही घाला. समासात घाईनं निष्कर्ष लिहू नका, मी लिहिला होता.

मागच्या महिन्यात बाबांना ताप आला. अंथरुणातून उठवेना. दुपारी दोनला त्यांनी टॉवेल चाचपला, मग मला हाक मारली, आत्याच्या नावानं. "तू जा. फळ्या बघून ये."

मी ओटीवर जाऊन बसले. म्हटलं, अर्धा तास इथेच बसते, मग आत जाऊन सांगते, बघितल्या. तिथे फळ्या नाहीतच तर बघायचं काय? दहा मिनिटं बसले. मग उठले आणि गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. खाचेत बोट फिरवलं, चिखल काढला, काडी फिरेपर्यंत थांबले.

परत आले तेव्हा ते जागेच होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही बघितलं. पायांकडे बघितलं. पोटऱ्यांपर्यंत खाडीचा काळा चिखल होता.

"हां," म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.